भाडेकरू गेल्यावर घर कोणाचं? भाडेहक्काच्या वारशात या चुका टाळा

गिरगावातली चाळ असो, लालबागची खोली असो की पुण्यातल्या पेठेतला वाडा, भाडेपावतीवर बऱ्याचदा असा माणूस भाडेकरू असतो ज्याला जाऊन दोन-तीन दशकं उलटली आहेत. भाडं नियमित जातं, पावती जुन्याच नावाने येते आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते इमारतीला बिल्डर आला की. मग अमेरिकेतला काका, डोंबिवलीची आत्या, घरातच वाढलेला भाचा आणि म्हाताऱ्या आजीची शुश्रूषा करणारी सून असे सगळे एकाच प्रश्नाभोवती जमतात: या घराचा भाडेकरू आता कोण?

महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राला १९४७चा मुंबईचा भाडे कायदा, विदर्भाला मध्य प्रांत-वऱ्हाडचा आणि मराठवाड्याला हैदराबादचा, असे तीन वेगळे कायदे होते. नव्या कायद्याने तिन्ही मोडीत काढले. वारशाचा नियम मात्र वेगळ्या प्रकरणात शोधू नका, तिथे सापडणार नाही. तो 'भाडेकरू' कोणाला म्हणायचं या व्याख्येतच, कलम ७(१५)(डी) मध्ये बसवला आहे. साध्या मराठीत त्याचा आशय असा: भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत त्या घरात राहत असलेली त्याच्या कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होते. अशी व्यक्ती नसेल, तरच त्याचा वारस भाडेकरू होतो. दावेदार अनेक असतील तर त्यांनी आपसात ठरवायचं, ठरलं नाही तर न्यायालय ठरवेल. मृत्यू हा कायदा येण्याआधी झाला की नंतर, याने फरक पडत नाही.

पुढच्या बहुतेक चुका हा नियम अर्धवट वाचल्यामुळे होतात.

'कुटुंब' आणि 'वारस' एकच समजणं

ही सगळ्यांची आवडती चूक. वडील गेले की मुलं वारस दाखला काढायला धावतात आणि त्यात नाव आलं म्हणजे भाडेहक्क मिळाला असं समजतात. कायद्याने मात्र दोन पायऱ्या केल्या आहेत. आधी सोबत राहणारं कुटुंब, ते नसेल तर वारस. दुसऱ्या पायरीचा प्रश्न पहिली रिकामी असेल तेव्हाच येतो.

समजा, परळच्या खोलीत आई आणि धाकटा मुलगा राहतात. थोरला मुलगा वीस वर्षांपूर्वी ठाण्यात स्वतःचा फ्लॅट घेऊन गेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला आहे. पावती आईच्या नावावर आहे. आई गेली. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तिच्या दागिन्यांवर आणि बँकेतल्या ठेवींवर तिन्ही मुलांचा सारखा हक्क. खोलीच्या भाडेहक्काचं गणित वेगळं: सोबत राहणारा धाकटा आहे, तेव्हा थोरल्याचं आणि मुलीचं 'आम्हीही वारस' हे म्हणणं इथे चालत नाही. थोरल्याला हा अन्याय वाटतो आणि त्याची तक्रार मला कळते. पण हा कायदा मालमत्ता वाटण्यासाठी आलेलाच नाही. माणूस गेला म्हणून त्याच्यासोबत राहणाऱ्यांच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये, यासाठी तो आहे. तो उद्देश लक्षात ठेवला की न्यायालयांचे बरेचसे निर्णय आधीच ओळखता येतात.

हेच घर आईसोबत कुणीच राहत नसताना रिकामं झालं असतं, तर मात्र तिन्ही मुलं वारस म्हणून पुढे येऊ शकली असती. तेव्हा मुलीचं लग्न झालंय ही गोष्ट तिच्या आड येत नाही, कारण वारस कोण हे त्या त्या धर्माचा वारसा कायदा ठरवतो आणि हिंदू कायद्यात विवाहित मुलगी मुलाइतकीच पहिल्या वर्गाची वारस आहे. तिचा नवरा, म्हणजे जावई, सासऱ्याचा वारस होत नाही. आधीच वारलेल्या मुलाची विधवा मात्र होते. ही तफावत माहीत नसल्याने 'जावयाने सगळं बघितलं, त्याच्या नावावर करू' असे बेत आखले जातात आणि पुढे अडकतात.

कुटुंबाची यादी शोधत बसणं

दिल्लीच्या भाडे कायद्यात यादी आहे. तिथे १९७६च्या दुरुस्तीने सांगितलं की पती किंवा पत्नी, मुलगा-मुलगी, आईवडील आणि आधी वारलेल्या मुलाची विधवा, एवढेच लोक आणि तेही भाडेकरूसोबत राहत असतील तरच. शिवाय मृत भाडेकरूवर आर्थिकदृष्ट्या अवलंबून नसलेल्याला हे संरक्षण फक्त एक वर्ष मिळतं. महाराष्ट्राच्या कायद्यात अशी यादी नाही. 'कुटुंब' या शब्दाची व्याख्याच केलेली नाही.

यातून लोक दोन उलट टोकं गाठतात. एका टोकाला 'बायको-मुलंच कुटुंब' म्हणून पुतण्याला, विधवा बहिणीला, नातवाला आपणहून बाद करणारे. दुसऱ्या टोकाला, घरात झोपायला येणारा प्रत्येक जण कुटुंबातला असं मानणारे. दोन्ही चूक. व्याख्या नसल्यामुळे प्रश्न वस्तुस्थितीवर सुटतो. ही व्यक्ती घरात कशी आली? नातं काय? चूल एक होती का? ती पाहुणी म्हणून आली, पैसे देऊन राहिली, कामाला होती, की घरचीच म्हणून वाढली? पेइंग गेस्ट कितीही वर्षं राहिला तरी तो पेइंग गेस्टच. घरातली कामवाली बाई प्रेमाने 'घरची' असते, भाडे कायद्याने नसते.

कोकणातून शिकायला काकाकडे आलेला पुतण्या हा मुंबईच्या भाडे वादातला नेहमीचा नायक, किंवा खलनायक, कोणाच्या बाजूने बघता त्यावर. निपुत्रिक काका-काकूंकडे तो दहाव्या वर्षी आला, इथूनच शाळा, नोकरी, लग्न झालं, काकांचं म्हातारपण त्यानेच काढलं. असा पुतण्या कुटुंबातला आहे असं ठामपणे मांडता येतं. तोच पुतण्या नोकरीनिमित्त दोन वर्षं कॉट टाकून राहिला असेल आणि शनिवार-रविवार गावी बायको-मुलांकडे जात असेल, तर त्याचं कुटुंब गावी आहे, इथे नाही, हे समोरचा वकील पाच मिनिटांत दाखवून देईल.

लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांचा प्रश्न जगभर याच वाटेने न्यायालयात आला. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटलं की भाडे नियंत्रणाच्या संदर्भात कुटुंब लग्नाच्या दाखल्यावर किंवा दत्तकपत्रावर ठरत नाही, नात्यातली बांधिलकी आणि प्रत्यक्ष जगणं बघायला हवं. दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने भाडेकरूच्या समलिंगी जोडीदाराला त्याच्या कुटुंबातली व्यक्ती मानलं. आपल्याकडे स्त्रीला आधार मिळतो तो वेगळ्या दारातून. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात 'सामायिक घर' भाड्याचंही असू शकतं आणि लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीलाही तो कायदा लागू होतो. पण तिथे मिळतो तो त्या घरात राहण्याचा हक्क. भाडेकरू म्हणून नाव लागणं ही त्याच्या पुढची गोष्ट, आणि या दोन्हींची गल्लत अर्जात केली की दोन्हीकडे नुकसान होतं.

मृत्युपत्रात भाड्याची खोली लिहून ठेवणं

'माझी दादरची राहती खोली माझ्या पश्चात माझ्या बहिणीच्या मुलाला मिळावी.' असं वाक्य असलेली मृत्युपत्रं आजही तयार होतात, साक्षीदारांच्या सह्यांसकट. त्या वाक्याला किंमत शून्य. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, मुंबईच्याच जुन्या भाडे कायद्याखालच्या एका प्रकरणात, स्पष्ट केलं की कायद्यातल्या 'वारस' या शब्दात मृत्युपत्राने नेमलेला माणूस येत नाही आणि भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. तर्क सरळ आहे. भाडेकरूला जिवंतपणी मालकाच्या संमतीशिवाय घर तिसऱ्याला देता येत नाही. मग मेल्यावर कागदाच्या जोरावर एखादा परका माणूस मालकाच्या गळ्यात कसा मारता येईल?

ज्याच्या नावाने मृत्युपत्र केलं तोच घरात सोबत राहणारा कुटुंबीय असेल, तर त्याला मृत्युपत्राची गरज नाही. त्याने राहण्याचे पुरावे पुढे करावेत. मृत्युपत्र पुढे केलं की उलट शंका येते, की हा एरवी हक्कदार नव्हता म्हणूनच कागद करावा लागला.

नॉमिनेशनचंही तसंच. सहकारी सोसायटीत सभासद नॉमिनी नेमतो, ती तरतूद सहकार कायद्यातली. पागडीच्या, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या घराला सोसायटीच नाही, नॉमिनी कुठून येणार? मालकाने भाबडेपणाने किंवा मुद्दाम एखाद्या फॉर्मवर 'नॉमिनी' लिहून घेतलं, तरी कलम ७ बदलत नाही. कुलमुखत्यारपत्र तर देणारा गेला त्याच क्षणी संपतं. आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र, ज्यासाठी लोक कोर्टात महिने घालवतात, ते येणी आणि रोखे वसूल करण्यासाठी असतं. भाड्याच्या खोलीसाठी ते काढायला सांगणारा सल्लागार बदलावा.

वंशावळ वरून खाली वाचणं

'घर आजोबांनी घेतलं, म्हणून सगळ्या नातवंडांचा हक्क.' हे वाक्य जवळपास प्रत्येक भांडणात ऐकू येतं. भाडेहक्क मात्र खालून वर वाचायचा असतो. कलम ७ला जोडलेलं स्पष्टीकरण सांगतं की हा नियम मूळ भाडेकरूच्या मृत्यूपाशी थांबत नाही. आजोबांनंतर जो भाडेकरू झाला तो वारला की नियम पुन्हा नव्याने लागतो, त्याच्यानंतरचा वारला की पुन्हा.

म्हणजे आजोबा १९७० साली गेले, तेव्हा सोबत राहणारा एक मुलगा भाडेकरू झाला आणि बाकीची भावंडं आपापल्या वाटेने गेली, तर २०२० मध्ये तो मुलगा वारल्यावर प्रश्न फक्त त्याच्यासोबत राहणाऱ्या त्याच्या कुटुंबाचा. १९७० साली घर सोडून गेलेल्या भावाच्या मुलांनी आता आजोबांचं नाव घेऊन येण्यात अर्थ नाही. म्हणून वकिलाकडे जाताना आधी एका कागदावर प्रत्येक भाडेकरूच्या मृत्यूची तारीख लिहा आणि तिच्यासमोर त्या दिवशी घरात कोण कोण राहत होतं ते लिहा. घराण्याची मोठी वंशावळ काढून नेण्यापेक्षा हा एक कागद अधिक उपयोगी पडतो.

इथेच पावतीवरच्या नावाबद्दलची एक गैरसमजूत. आजोबांनंतर पावती 'कै. अमुक' याच नावाने येत राहिली, तरी भाडेहक्क तिथे गोठून राहिलेला नसतो. कायद्याने तो पुढे सरकलेला असतो. नाव न बदलल्याने हक्क जात नाही, पण तो सिद्ध करण्याचं ओझं दर पिढीला वाढत जातं आणि साक्षीदार एकेक करून कमी होतात.

मृत्यूच्या वेळी 'सोबत राहणं' हलक्यात घेणं

सगळ्यात जास्त दावे इथे बुडतात. हक्क मागणाऱ्याला दोन गोष्टी दाखवायच्या असतात: तो त्या घरात खरोखर राहत होता, आणि भाडेकरूसोबत राहत होता. शेवटच्या आजारपणात सेवेला येऊन राहिलेली मुलगी मनाने कितीही जवळची असली, तरी तिचं स्वतःचं बिऱ्हाड दुसरीकडे असेल तर ते राहणं तात्पुरतं ठरण्याचा धोका आहे. उलट, भाडेकरू शेवटचे तीन महिने केईएम रुग्णालयात होता किंवा गावी होता, म्हणून घरातला मुलगा 'सोबत राहत नव्हता' असं होत नाही. न्यायालय घर कुणाचं कायमचं ठिकाण होतं हे बघतं, त्या रात्री खाटेवर कोण झोपलं होतं हे नाही.

पुरावा म्हणून लोक घाईघाईने आधार कार्डाचा पत्ता बदलतात. भाडेकरू अत्यवस्थ असताना बदललेला पत्ता मदत करण्याऐवजी घात करतो, कारण तारीख छापलेलीच असते. जुने, सलग आणि दुसऱ्या कामासाठी तयार झालेले कागद वजनदार ठरतात. रेशनकार्ड, वर्षानुवर्षांच्या मतदार याद्या, शाळा सोडल्याचा दाखला, गॅसचं पुस्तक, बँकेचं जुनं पासबुक, नोकरीच्या ठिकाणी दिलेला पत्ता, एलआयसीची पत्रं, मुलांच्या शाळेतल्या नोंदी. एकाच कागदावर भाडेकरू आणि तुम्ही दोघं असाल तर उत्तम, म्हणूनच जुन्या रेशनकार्डाला अजून मान आहे. ते जीर्ण झालं म्हणून फेकू नका. शेजाऱ्यांच्या साक्षी लागतात, पण त्या कागदाला टेकू म्हणून. नुसत्या साक्षीवर उभा राहिलेला दावा उलटतपासणीत ढासळतो.

याला दुसरी बाजूही आहे. 'नाव तर आपलंच आहे' म्हणून कुलूप लावून सगळे बाहेर राहायला जातात. कलम १६ प्रमाणे, सबळ कारणाशिवाय दावा लावण्याच्या आधी सलग सहा महिने जागा ज्या कामासाठी दिली त्यासाठी वापरली नसेल, तर मालकाला ताबा मागता येतो. लाइट बिलावर महिनोन्महिने जेमतेम स्थिर आकार येत असेल, तर ते बिलच मालकाचा साक्षीदार होतं. आणि रिकाम्या खोलीत कुणाला पैसे घेऊन ठेवलंत तर पोटभाडेकरू ठेवल्याचं वेगळं कारण आयतंच हाती देता.

मालक म्हणेल त्या कागदावर सही करणं

भाडेकरू गेल्यावर महिनाभरात मालकाचा माणूस येतो. 'पावती नावावर करून देतो, एवढ्या कागदांवर सह्या करा.' यातला सर्वांत घातक कागद म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहायची नुसती परवानगी देणारा करार. अकरा महिन्यांचा, चोवीस महिन्यांचा, 'फक्त फॉर्मॅलिटी'. त्यावर सही करणं म्हणजे आपण भाडेकरू नसून परवानाधारक आहोत असं लिहून देणं. कलम २४ सांगतं की परवान्याचा लेखी करार त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल. मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज होतो आणि तुमची पन्नास वर्षांची कहाणी तिथे कुणी ऐकत नाही. परवानाधारक वारला तर त्याच्या कुटुंबाला कलम ७चा वारसा मिळत नाही, हे ओघाने आलंच. (१ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या जुन्या परवानाधारकांना तेव्हाच्या दुरुस्तीने भाडेकरू मानलं होतं. तो अपवाद आजच्या कराराला लागू नाही.)

दुसरा कागद 'ट्रान्सफर फी'चा. पागडीचं घर विकताना मालक संमतीसाठी रक्कम घेतो आणि कलम ५६ने तशी देवघेव कायदेशीर केली आहे. पण वारशाने आलेला भाडेहक्क ही विक्री नाही. तिथे हक्क कायद्यानेच येतो, मालकाच्या संमतीने नव्हे. घासाघीस करून काहीतरी देऊन शांतता विकत घेणारे लोक आहेत, तो त्यांचा व्यवहार. निदान दिलेली रक्कम कशाची, हे पावतीवर नीट लिहून घ्या. 'नवीन भाडेकरू म्हणून' हे तीन शब्द त्यात शिरले की जुनी साखळी तुटल्याचा मुद्दा कुणीतरी काढणार.

मालक पावतीच देत नसेल तर? भाडं थांबवू नका. रागाच्या भरात 'पावती नाही तर भाडं नाही' म्हणणारे स्वतःच थकबाकीदार होतात. मृत्यूचा दाखला जोडून, सोबत कोण राहत होतं आणि आता कोणाला भाडेकरू मानायचं ते लिहून, स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि पोच जपून ठेवा. भाडं चेकने किंवा बँकेतून पाठवा. चेक परत आला तर तो लिफाफ्यासकट सांभाळा, परत आलेला चेक हा उत्तम पुरावा असतो. थकबाकीची लेखी नोटीस आलीच, तर कलम १५ प्रमाणे ९० दिवसांची मुदत असते. दाव्याचं समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत थकीत भाडं आणि कायद्याने मान्य भाडेवाढ १५ टक्के व्याजासह न्यायालयात भरून घर वाचवता येतं. या मुदती 'वारसांचा वाद चालू आहे' म्हणून थांबत नाहीत.

घरातल्यांनी आपसात काहीच न ठरवणं

सोबत राहणारे एकापेक्षा जास्त असले की कायदा आधी त्यांच्या संमतीकडे बघतो. आई, दोन मुलं आणि एक सून एकाच घरात असतील, तर कुणाच्या नावे पावती लावायची ते त्यांनी ठरवायचं. ठरलं नाही तर मुंबईत धोबीतलावच्या किंवा वांद्र्याच्या लघुवाद न्यायालयात जायचं, आणि जिथे लघुवाद न्यायालय नाही तिथे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाकडे.

माझं मत विचाराल तर आई किंवा वडील, जे मागे राहिले असतील, त्यांचंच नाव आधी लावावं. बऱ्याच घरांत 'आई आता थकली, कशाला तिला त्रास' म्हणून थोरल्याचं नाव लागतं. पुढे थोरला वारला की नियम त्याच्या बायको-मुलांकडे वळतो आणि त्याच खोलीत राहणारी आई नि धाकटा भाऊ त्यांच्याशी हक्काचं भांडण लढत बसतात. नाव कुणाचंही लावा, पण ते सर्वांच्या वतीने आहे की फक्त त्याचं, हे घरातल्या घरात लेखी ठेवा.

एकाच्या नावावर सोडून बाकीच्यांनी निवांत बसण्यात न्यायालयीन धोकाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटलं की वारस संयुक्तपणे भाडेकरू होतात आणि मालकाने एकाला नोटीस दिली तरी ती पुरते. २००१ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात, वडिलांनंतर ज्या भावाशी मालकाचा व्यवहार चालू होता त्याच्याविरुद्धचा हुकूमनामा दुसऱ्या भावालाही बांधील ठरवला गेला. 'मला समन्सच आलं नव्हतं' हे तिथे कामी आलं नाही. तेव्हा भावावर दावा लागल्याचं कळलं तर वेळीच वकील लावा, बेलिफ दारात आल्यावर नाही.

नवरा सोडून गेला आणि पावती त्याच्या नावावर आहे, अशा बायकोने काय करावं? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की परित्यक्ता पत्नीला त्या घराचा दावा स्वतः लढवता येतो, नवऱ्याने अंग काढून घेतलं तरी. घटस्फोट झाल्यावर मात्र हा आधार जातो, हुकूमनाम्यातच घराची तजवीज केली नसेल तर. म्हणून घटस्फोटाच्या अटी ठरवताना पोटगीच्या आकड्याइतकंच भाड्याच्या घराबद्दलच्या कलमाकडे लक्ष द्यावं.

पुनर्विकास आल्यावर जागं होणं

मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींत ही चूक सर्वांत महाग पडते. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली पुनर्विकास होतो तेव्हा म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडून भाडेकरूंची प्रमाणित यादी होते आणि निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं घर मिळतं. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेली नवी भाडेकरू नोंद त्यात धरली जात नाही. 'दोघा भावांच्या नावे खोलीचे दोन भाग करू, दोन फ्लॅट मिळतील' हा बेत म्हणूनच फसतो. वारशाने नाव बदलणं ही नवी भाडेकरू नोंद नाही, पण जुनी साखळी कागदावर दिसायला हवी. पहिल्या भाडेकरूच्या पावतीपासून आजपर्यंतचे मृत्यूचे दाखले, बदललेल्या पावत्या, संमतीपत्रं हे सगळं यादी लागण्याआधी तयार असावं.

लोकांच्या फार उशिरा लक्षात येणारी गोष्ट पुढे आहे. बिल्डरशी पर्यायी जागेचा करार होऊन मालकीचा फ्लॅट हाती आला की तो भाडे कायद्यातून बाहेर पडतो. आता तो मालमत्ता आहे: मृत्युपत्र चालतं, नॉमिनी लागतो, विक्री होते. कालपर्यंत 'सगळ्यांची राहती खोली' होती ती आज कराराच्या पहिल्या पानावर ज्याचं नाव आहे त्याची होते. त्यामुळे भावंडांत काही द्यायचं-घ्यायचं असेल तर ते करारावर सही होण्याआधी नोंदवून घ्या. नंतर हक्क सांगायला निघालेल्यांना आधी भाडेहक्क संयुक्त होता हे सिद्ध करावं लागतं, आणि मग त्या फ्लॅटमध्ये आपला वाटा आहे हेही.

हा कायदा लागू आहे का, हेच न बघणं

सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा अधिनियम लागू नाही. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी, महापालिकेच्या चाळी, कर्मचारी वसाहती इथे नाव लावण्याचे नियम त्या त्या खात्याचे. तिथे कलम ७ची प्रत घेऊन गेलात तर कारकून हसून परत पाठवेल, आणि या एका बाबतीत त्याचं बरोबर असेल. नोकरीसोबत मिळालेलं क्वार्टर नोकरीसोबतच जातं. गोव्यात १९६८चा स्वतंत्र भाडे कायदा आहे, तेव्हा मुंबईच्या मामाने सांगितलेला नियम म्हापशात वापरू नका.

दुकानाच्या गाळ्यालाही कलम ७(१५)(डी) लागू आहे, पण तिथे 'सोबत राहणं' बघत नाहीत. मृत्यूच्या वेळी कुटुंबातली कोणती व्यक्ती भाडेकरूसोबत ती जागा धंद्यासाठी वापरत होती, हे बघतात. राहत्या घराचं रेशनकार्ड तिथे निरुपयोगी. गुमास्ता परवाना, जीएसटीची नोंद, भागीदारीपत्र, बिलबुकावरची सही असे कागद जमवावे लागतात. बरेच लोक घर आणि दुकान दोन्हींसाठी एकच अर्ज आणि एकच पुराव्यांचा गठ्ठा देतात. ते वेगळे करा.

दावा चालू असताना भाडेकरू वारला तर एक मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. मृत्यूपासून ९० दिवसांत त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींची नावं दाव्यात आणावी लागतात, नाहीतर दावा त्याच्यापुरता संपुष्टात येतो. दावा मालकाने लावला असेल तर ही धावपळ मालकाची. प्रमाणित (कायद्याप्रमाणे ठरणाऱ्या) भाड्यासाठी किंवा मनाईहुकुमासाठी दावा तुमच्या वडिलांनी लावला असेल, तर ती तुमची. दाव्यात नाव लागलं म्हणून भाडेकरू म्हणून हक्क ठरला असं होत नाही. तो वाद त्याच दाव्यात वेगळा मांडावा लागतो, आणि त्यासाठी मृत्यूच्या दिवशी घरात कोण होतं हा कागद पुन्हा लागतोच.